हजेरीपटापासून सुरुवात : नाशिकच्या महाविद्यालयांत सर्वसमावेशकतेचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

प्रवेशाची धावपळ ओसरली, की महाविद्यालयात कार्यभारवाटपाची सूचना फिरते आणि समान संधी केंद्र, विद्यार्थी विकास किंवा राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) यांपैकी एखादे काम हमखास नुकत्याच रुजू झालेल्या प्राध्यापकाच्या वाट्याला येते. सोबत एक जाडजूड फाइल मिळते. तीत गेल्या वर्षीचे अहवाल असतात, फेटे बांधलेल्या आणि नऊवारी नेसलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात, ‘विविधतेत एकता’ या विषयावरील निबंध स्पर्धेचा निकाल असतो. ती चाळल्यावर नव्या माणसाची अशी समजूत होते, की हे काम म्हणजे वर्षाकाठी चार कार्यक्रम घेणे आणि त्यांचे अहवाल वेळेत पाठवणे. माझीही तशीच समजूत होती आणि ती मोडायला काही वर्षे जावी लागली.

निरनिराळ्या घरांतून, गावांतून आणि भाषांतून आलेली मुले एकमेकांत मिसळतात की नाही, हे प्रामुख्याने हजेरी कशी घेतली जाते, प्रात्यक्षिकाच्या जोड्या कोण लावतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना किती वाजता पडते आणि गावाकडची शेवटची एसटी मिळेल अशा बेताने तास संपतो की नाही, यांवर ठरते. कार्यक्रम हवेतच, पण ते सर्वांत शेवटी. पुढील पायऱ्यांचा क्रमही त्यामुळे तसाच ठेवला आहे.

पहिली पायरी : वर्गात कोण बसले आहे, ते समजून घ्या

नाशिक शहरातील कोणत्याही मोठ्या महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या वर्गात सारा जिल्हा बसलेला असतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, कळवण या भागांतून कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल आणि ठाकर समाजांची मुले येतात. बागलाण, देवळा आणि मालेगाव परिसरातील अनेकांच्या घरी अहिराणी बोलली जाते. मालेगाव शहरातून उर्दू माध्यमात शिकलेले विद्यार्थी येतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या, उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या कामगारांची मुले असतात. ओझरचा विमान कारखाना, देवळालीचे लष्करी ठाणे किंवा नाशिकरोडचा नोटांचा छापखाना यांतील नोकरीमुळे देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलेही असतात. शिवाय गंगापूर रोड, कॉलेज रोड परिसरात लहानाची मोठी झालेली मुले असतात आणि ती बहुधा असे धरून चालतात, की आपण जसे राहतो तसेच सगळे राहतात.

पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाकडून एक साधा कागद भरून घ्यावा. त्यात पुढील गोष्टी विचाराव्यात : आपल्याला कोणत्या नावाने हाक मारावी आणि त्याचा उच्चार कसा करावा, घरी कोणती भाषा बोलतात, बारावीपर्यंतचे शिक्षण कोणत्या माध्यमात झाले, सध्या कोठे राहता आणि येण्याजाण्यास किती वेळ लागतो, वर्षातील कोणत्या दिवशी घरी जावेच लागते, वर्गात बसण्यास, ऐकण्यास, पाहण्यास किंवा लिहिण्यास काही अडचण आहे का, स्वतःचा स्मार्टफोन आहे का. हा कागद घरून भरून आणू द्यावा आणि तो आपल्या कपाटाबाहेर जाऊ देऊ नये.

जात आणि धर्म या कागदावर विचारू नयेत. ती माहिती कार्यालयाकडे प्रवेश अर्जात असते, शिष्यवृत्तीसाठी तिचा उपयोग तिथेच होतो आणि आपल्या कामासाठी ती जवळ बाळगण्याचे कारण नसते. एखाद्याला स्वतःहून सांगावेसे वाटले, तर तो सांगेल.

दुसरी पायरी : नावे, आडनावे आणि याद्या

या पायरीवर मी जरा अधिक रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त इजा इथेच होते आणि ती करणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

आपल्याकडे ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न कित्येकदा नावासाठी विचारलेला नसतो. आडनाव कळले, की गाव विचारले जाते, गाव कळले, की ‘म्हणजे तुम्ही…’ असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले जाते. ज्याला उत्तर द्यायचे असते त्याला त्या अर्धवट वाक्याचा अर्थ पुरता ठाऊक असतो. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला वर्गासमोर उभे करून पूर्ण नाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय सांगायला लावण्याची जुनी रीत बंद करावी. ओळख करून द्यायचीच असेल, तर हाक मारण्याचे नाव आणि आपल्याला उत्तम जमणारी एक गोष्ट, एवढे पुरते. एका वर्षी एका मुलीने ‘मला नागलीची भाकरी थापता येते’ असे सांगितले. पुढच्या बाकावरील दोघींनी तिला नागली म्हणजे काय, असे विचारले आणि ओळखीची सुरुवात तिथून झाली.

हजेरीपटावरील नाव वेडेवाकडे उच्चारून वर्ग हसला, तर त्या विद्यार्थ्याचा पुढचा महिना खाली मान घालून जातो. उर्दू, दाक्षिणात्य किंवा ईशान्येकडील नावांचा उच्चार आधी एकट्याने म्हणून पाहावा, अडल्यास विद्यार्थ्यालाच बाजूला विचारावा. एखाद्या पारलिंगी विद्यार्थ्याने कागदोपत्री नावापेक्षा वेगळे नाव सांगितले असेल, तर वर्गात तेच वापरावे. २०१९ च्या कायद्याने अशा व्यक्तीस स्वतः जाणलेल्या लिंगओळखीचा अधिकार दिला होता.

आता याद्यांविषयी. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातवैधता प्रमाणपत्र, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील त्रुटी यांच्या सूचना देताना प्रवर्गनिहाय नावे वर्गात वाचून दाखवणे किंवा तशी यादी ग्रुपवर टाकणे, ही चूक अनेक ठिकाणी निव्वळ सवयीने होते. ‘एससी-एसटीवाले उभे राहा’ हे वाक्य मी स्वतः एकदा उच्चारले आहे. शिपाई घाईत होता, तासाची पाच मिनिटे उरली होती आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही; उभी राहिलेली मुले मात्र तास संपल्यावर माझ्याशी न बोलता निघून गेली. त्याऐवजी अर्ज क्रमांक लिहिलेली यादी लावता येते, विद्यार्थ्याला वैयक्तिक संदेश पाठवता येतो किंवा ‘ज्यांचे अर्ज प्रलंबित आहेत त्यांनी दुपारी दोनपर्यंत कार्यालयात यावे’ एवढे सर्वांना मिळून सांगता येते. कार्यालयातील खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांशी याविषयी वर्षाच्या आरंभीच, चहा घेत, मोकळेपणाने बोलून ठेवावे; परिपत्रकापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

तिसरी पायरी : जोड्या आणि गट आपण लावा

विद्यार्थ्यांवर सोडले, तर एकाच शाळेतून, एकाच वसतिगृहातून किंवा एकाच गाडीने येणारी मुले एकत्र बसतात. यात त्यांचा दोष नाही. अनोळखी ठिकाणी कोणीही ओळखीचा आधार शोधतो. परंतु हीच रचना वर्षभर गोठली, तर शेवटचे दोन बाक कोणाचे, हे सगळ्यांना पाठ होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये असे मांडले, की भिन्न गटांतील माणसे नुसती एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यांचा दर्जा त्या प्रसंगी समान असावा लागतो, उद्दिष्ट एक असावे लागते, त्यासाठी परस्परांचे साहाय्य घ्यावे लागते आणि संस्थेचा त्याला पाठिंबा असावा लागतो. प्रयोगशाळेतील जोडीत हे चारही जमून येते. म्हणून प्रात्यक्षिकाच्या जोड्या आणि प्रकल्पाचे गट चिठ्ठ्या टाकून किंवा हजेरी क्रमांकाच्या अंतराने लावावेत आणि दर सत्रात बदलावेत. दोन पथ्ये मात्र पाळावीत. जिथे मुलींची किंवा एखाद्या छोट्या समूहाची संख्या अगदी कमी असेल, तिथे त्यांना एकेक करून विखरू नये, कारण चार अनोळखी मुलांच्या गटात एकटी पडलेली मुलगी जर्नल उतरवून देण्यापलीकडे काही करत नाही. आणि गटातील कामे फिरती ठेवावीत. इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी दर वेळी सादरीकरण करणार आणि सुरगाण्याचा विद्यार्थी दर वेळी फलक चिकटवणार, असे होऊ लागले, तर समान दर्जाची अट तिथेच मोडते.

चौथी पायरी : भाषा

प्रमाण मराठी हीच अनेकांची दुसरी भाषा आहे, हे नाशिकमध्ये शिकवणाऱ्याने विसरून चालत नाही. अहिराणी बोलणारा विद्यार्थी ‘माझे’ ऐवजी ‘मन्हं’ म्हणतो, सुरगाण्याकडील विद्यार्थ्याच्या बोलण्यात शेजारच्या डांगाचा गुजराती वारा असतो आणि मालेगावचा विद्यार्थी भूमितीत ‘कोन’ ऐकल्यावर क्षणभर थांबतो, कारण त्याने दहा वर्षे ‘ज़ाविया’ म्हटलेले असते. त्रिकोण त्याच्यासाठी ‘मुसल्लस’ असतो. वर आपण वर्गात एकाएकी ‘अँगल’ आणि ‘ट्रँगल’वर येतो. तो विद्यार्थी विषयात कच्चा नसतो, तो तीन भाषांमधून वाट काढत असतो.

यावर एक स्वस्त उपाय आहे. वर्गाच्या मागील भिंतीवर एक मोठा कागद लावावा, त्यावर त्या आठवड्यातील दहा संज्ञा इंग्रजीत आणि मराठीत लिहाव्यात आणि शेजारी उर्दू, हिंदी, अहिराणी, कोकणा असे रकाने मोकळे सोडावेत. ते विद्यार्थ्यांनी भरावेत. काही रकाने रिकामेच राहतात आणि त्याचीही चर्चा होते. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात तर असे घडते, की प्राध्यापकांना लॅटिन नाव ठाऊक असते, पाठ्यपुस्तकात मराठी नाव असते, आणि त्या रानभाजीची चव, तिचा मोसम आणि ती कशासोबत शिजवू नये, हे फक्त पेठच्या विद्यार्थिनीला ठाऊक असते.

बोलीवर हसू फुटले, तर ते तिथल्या तिथे थांबवावे, पण भाषण देऊ नये. ‘हा शब्द मला नवा आहे, पुन्हा सांगा’ एवढे शिक्षकाने म्हटले, तरी हसणारे गप्प होतात. भाषणाने उलट ज्याच्यासाठी ते दिले जाते तोच अधिक अवघडतो.

पाचवी पायरी : वेळापत्रक आणि सुट्ट्या

महाविद्यालयाच्या सुट्ट्यांच्या यादीत न बसणारे पुष्कळ काही जिल्ह्यात घडत असते. मार्गशीर्षात आदिवासी भागात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. त्याचे व्रत घेतलेल्याला ते मधेच सोडून अंतर्गत परीक्षेला येणे कठीण जाते. रमजान चांद्र दिनदर्शिकेप्रमाणे दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे एखाद्या वर्षी तो ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत येतो आणि दुपारच्या शेवटच्या तुकडीतील विद्यार्थी इफ्तारच्या वेळी प्रयोगशाळेत अडकतो. त्याला सकाळच्या तुकडीत घालणे ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. ६ डिसेंबरला अनेक विद्यार्थी मुंबईला चैत्यभूमीवर जातात. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना नाशिकचीही एक गंमत आधी सांगून ठेवावी, की इथे रंगांचा खरा दिवस धुळवडीचा नसून रंगपंचमीचा असतो आणि जुन्या नाशकात त्यासाठी पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतील हौद, उघडल्या जातात. नाही तर होळीच्या दुसऱ्या दिवशी उत्तर भारतीय मुले रंग घेऊन तयार आणि शहर शांत, असा प्रकार होतो.

सणांपेक्षाही एक गोष्ट कमी दिसते, ती म्हणजे मजुरीचा हंगाम. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या छाटणीची आणि विरळणीची कामे सुरू झाली, की पेठ-सुरगाण्याची कुटुंबे तिकडे कामाला येतात आणि शिकणारी मुलेही काही दिवस कामाला हातभार लावतात. ऑक्टोबरनंतर सलग गैरहजेरी दिसली, तर हजेरीच्या टक्केवारीची नोटीस पाठवण्यापूर्वी एक फोन करावा. कमवा आणि शिका योजनेत जागा असल्यास ती अशा विद्यार्थ्याला सुचवावी.

सुरगाणा नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला संध्याकाळी पाचचा जादा तास म्हणजे गाडी चुकणे. आणि पायऱ्या चढू न शकणारा एक जरी विद्यार्थी तुकडीत असेल, तर त्या तुकडीचे सर्व तास तळमजल्यावर लावून घ्यावेत. वेळापत्रक समितीची कुरकुर होते, होऊ द्यावी.

सहावी पायरी : खोली आणि डबा

हा विषय महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचा मानला जातो, पण फाटकाच्या आत जे घडते ते पुष्कळसे इथून येते. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन, खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आडनाव सांगताच ‘जागा भरली’ असे उत्तर मिळते, हा अनुभव वर्गातील काहींना असतोच. आपण घरमालकांना बदलू शकत नाही, परंतु जुन्या विद्यार्थ्यांकडून दर वर्षी अशा घरांची यादी करून घेऊ शकतो, जिथे कोणालाही खोली मिळते, आणि ती यादी प्रवेशाच्या वेळीच देऊ शकतो. सहलीत किंवा रासेयोच्या सात दिवसांच्या शिबिरात स्वयंपाकाच्या आणि भांडी घासण्याच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकूनच लावाव्यात. पंगत एकच असावी. मांसाहार करणाऱ्यांची थट्टा आणि न करणाऱ्यांची फसवणूक, दोन्ही सारख्याच कडकपणे थांबवावीत.

सातवी पायरी : आता कार्यक्रम

एका वर्षीच्या ट्रॅडिशनल डेला शहरातील चार मुलांनी ‘आदिवासी’ म्हणून पानांचे कपडे आणि तोंडाला काळा रंग, असा अवतार केला. परवानगी मी दिली होती. टाळ्या पडल्या, छायाचित्रे निघाली. दुसऱ्या दिवशी पेठकडील एक विद्यार्थी माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणाला, ‘सर, आमच्याकडं असं कुणीच घालत नाही.’ तो प्रेक्षकांत बसला होता, आणि त्याला मंचावर या, असे कोणी सुचवलेही नव्हते. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो : ज्यांच्याविषयी कार्यक्रम आहे, ते तो ठरवण्याच्या बैठकीत असले पाहिजेत, आणि त्यांनी नको म्हटले, तर तो होणार नाही. तारपा किंवा पावरी वाजवणारे विद्यार्थी असतील आणि त्यांना वाजवावेसे वाटत असेल, तर उत्तम. वाटत नसेल, तर त्यांच्यावर आपल्या समाजाचे प्रतिनिधित्व लादू नये. कोकणा मुलाला क्रिकेटच्या संघाचे कर्णधारपद हवे असू शकते.

वेशभूषेपेक्षा मला शहराची पदयात्रा अधिक उपयोगी वाटते. तीन ठिकाणे एका रविवारी होतात.

पांडवलेण्यांपासून सकाळी सुरुवात करावी, ऊन चढण्यापूर्वी. तेथील सतराव्या लेण्यातील शिलालेख सांगतो, की ते लेणे धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या दत्तामित्री येथील यवनाने, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या ग्रीक वंशाच्या गृहस्थाने, कोरवले. बौद्ध भिक्षूंसाठी दान देणाऱ्या या परदेशी माणसाचे नाव संस्कृत वळणाचे आहे. ‘बाहेरचा’ कोणाला म्हणावे, ही चर्चा तिथे आपोआप सुरू होते.

नंतर शरणपूर. रोज शरणपूर रोडने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना या नावाचा अर्थ बहुधा सुचलेला नसतो. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा आणि शिक्षण मिळाले. त्यांतील जेकब वेनराइट हा पुढे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेतून नेणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील अंत्यविधीस उपस्थित होता. वर्गात हे सांगितले, तर विद्यार्थी ऐकून सोडून देतात, रस्त्यावर उभे राहून सांगितले, तर प्रश्न विचारतात.

शेवटी पंचवटीत काळाराम मंदिर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे नेटाने चालवला. तो वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. इथे शिक्षकाने फार बोलू नये. तारखा सांगाव्यात आणि विद्यार्थ्यांना घाटापर्यंत आपापसांत बोलत चालू द्यावे. कोणी वाद घातला, तर घालू द्यावा. मात्र कोणा एका विद्यार्थ्याला ‘तुझे काय मत?’ असे त्याच्या आडनावाकडे पाहून विचारू नये.

आठवी पायरी : तक्रार आली तर

इतके करूनही तक्रारी येतात. कधी कधी तर या कामामुळेच येऊ लागतात, कारण विद्यार्थ्याला प्रथमच असे वाटते, की सांगण्यात अर्थ आहे. त्यामुळे आकडा वाढला म्हणून घाबरू नये.

काही नियम पाठ असावेत. उच्च शिक्षणसंस्थांत समता राखण्याविषयीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी भेदभावाच्या तक्रारींसाठी स्वतंत्र अधिकारी नेमणे सांगितले. रॅगिंगविषयीचे विनियम २००९ चे आहेत आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर जात, धर्म, वर्ण, प्रदेश, भाषा, लिंग, लैंगिक कल यांवरून केलेला छळही रॅगिंगच ठरतो. म्हणजे बोलीवरून किंवा गावावरून केलेली सततची चेष्टा ‘मस्करी’ म्हणून सोडता येत नाही. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ हा आहे. लैंगिक छळाच्या तक्रारी अंतर्गत समितीकडेच जातात, त्या आपण चौकशीस घेऊ नयेत. जातीवरून अपमान किंवा मारहाण झाली असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांत जाण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार त्याला स्पष्ट शब्दांत सांगावा. तो वापरायचा की नाही, हे त्याने ठरवावे.

विद्यार्थी बोलायला आला, की दार अर्धे उघडे ठेवून, फोन बाजूला ठेवून, आधी पूर्ण ऐकावे. त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, तारीख घालावी, वाचून दाखवावे. ‘तुझा गैरसमज झाला असेल’ हे वाक्य टाळावे. दोघांना समोरासमोर बोलावून हात मिळवायला लावणे, ही आपल्याकडची आवडती पद्धत आहे आणि ती बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्याचेच नुकसान करते, कारण खोलीतून बाहेर पडल्यावर दोघे एकाच वसतिगृहात परततात. आपल्याकडून काय होईल आणि किती दिवसांत, हे त्याला सांगावे, आणि ठरलेल्या दिवशी काही घडलेले नसले, तरी ते कळवण्यासाठी त्याला बोलवावे.

कार्यभार पुढच्या व्यक्तीकडे सोपवताना फाइलमध्ये छायाचित्रांच्या वर एक कागद ठेवावा : कोणत्या तासांमुळे कोणाची गाडी चुकते, वेळापत्रक समितीत कोणाशी बोलल्यास काम होते, कोणत्या घरमालकांकडे खोल्या मिळतात, भिंतीवरील तक्त्यातले कोणते रकाने अजून रिकामे आहेत, आणि यंदा आपल्याकडून काय चुकले. विद्यार्थ्यांची नावे त्यात लिहू नयेत.